येसाड

ही गोष्ट सांगणाऱ्याचे नेमके शब्द आता छातीठोकपणे सांगवत नाहीत. काही पदरचेही मिसळले असतील. पण कारवंडीच्या खोऱ्यात वाट तात्पुरती अडवायला टाकलेल्या काट्याकुट्यांना, ओंडक्यांना, हल्ली रस्त्यात आडव्या मांडलेल्या पिंपांनाही 'येसाड' म्हणतात, एवढे खरे. हे नाव एका लेकीचे आहे, असे तिथले म्हातारे सांगतात.

फार पूर्वी खिंडीपलीकडच्या गावांत पटकीची साथ पसरली. कारवंडीचा पाटील सटवाजी याने खिंडीत बाभळीच्या फांद्या रचल्या आणि देवीपुढे शब्द दिला, की साथ सरेपर्यंत बाहेरच्या कोणाला आत घेणार नाही, मग ते रक्ताचे का असेना. शेजाऱ्याचा सख्खा भाऊ त्याने तिथूनच परतवला.

मग येसा आली. त्याची एकुलती लेक, दिवस भरलेली, एकटी. पहिलटकरणीला आणायला माहेरचा माणूस जातो, नाहीतर सासरचा पोचवायला येतो. सोबत कोणी नाही, त्याअर्थी सासरी साथ शिरली आणि त्यांनी हिला बाहेर काढले, असे सटवाजीने ताडले.

"आबा, काटं सारा की."

"तिकडं किती दगावली?"

"कोण दगावतंय? तुम्ही न्यायला येणार हुता. सासू रोज टोचायची, 'बाप इसरला गं तुझा!' मग निघाले एकलीच."

साथीच्या गावाहून येणारा प्रत्येकजण असेच काही सांगत होता. सटवाजीचा हात फांदीपर्यंत गेला आणि थांबला. मागे तोच शेजारी उभा होता.

"लेकीच्या ओटीत खोबरं घालत्यात, आबा," येसा म्हणाली. "तुम्ही काटं घातलं."

ती तिथेच खाली बसली. कळा सुरू झाल्या. तिने पाणी मागितले. सटवाजीने काठीने तांब्या फांद्यांखालून सरकवला, तो मध्येच कलंडला. दुसरा आणेपर्यंत तिचा आवाज थांबला होता. तेव्हा त्याने उघड्या हातांनी काटे उपसले, म्हणे. मूल रडलेच नाही.

पुढे कुठेही आडवी फांदी दिसली, की तो 'येसा, येसा' करीत ती ओढू लागे. लोक त्या फांदीला येसाची आड म्हणू लागले. तिचे येसाड झाले. आजही येसाड घालणारा आधी पलीकडच्या बाजूला भरला तांब्या ठेवतो, मगच पहिली फांदी टाकतो.

पटकी जिथे जिथे शिरली, त्या प्रत्येक गावाने तेव्हा वेशीवर मरीआईचा दगड बसवला. ही गोष्ट ऐकल्यावर पुष्कळ वर्षांनी मी स्वतः खिंड उतरून येसाच्या सासरी जाऊन खात्री करून घेतली. वेस पाहिली, जुन्या माणसांना विचारले. तिथे तसा दगड नाही. पटकी त्या गावात आलीच नव्हती.