कोतवालसाहेबांचा वाघ

कोतवालाच्या भाच्याने घाटात गोजराबाईच्या गळ्यातली बोरमाळ ओरबाडली. दरबारात राजांसमोर तिने त्याला ओळखलं, पण त्याची घोडी पांढरी होती म्हणाली. घोडी निघाली तांबडी.

"सरकार, बाई धडधडीत खोटं बोलते," कोतवाल मिशीवर ताव देत म्हणाला. "फटके हिलाच द्या."

गोजराबाईने विचारलं, "कोतवालसाहेब, परवा शिकारीत अंगावर वाघ आला, असं तुम्हीच इथं सांगितलंत. हाकाऱ्यांनी मारून आणलं ते तरस. मग सरकारांशी खोटं बोललात, की घाबरला होतात?"

दरबार माना खाली घालून हसू लागला.

"अचानक आलं ते. घाबरलो होतो," कोतवाल पुटपुटला.

"मीही घाबरले होते. पण मी पळाले नाही, म्हणून तुमच्या भाच्याचं तोंड नीट दिसलं."

राजांनी फटके भाच्याला द्यायला सांगितले.