गगनेश्वराच्या वाटेवरचा खांदा

दर्यानाथ महाराज त्या साली वेळशेतच्या गगनेश्वरावर मुक्कामाला होते. वेळशेत हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. गावामागे उभा डोंगर, माथ्यावर गगनेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ आणि देवळापुढे माडाएवढी उंच दीपमाळ. तिथे उभं राहिलं की खाली खाडीचा वळसा, माडांची दाटी, कौलारू घरं आणि पुढे डोळे पोचतील तिथवर दर्या दिसे. त्यावर मचव्यांची शिडं लाह्या सांडाव्यात तशी विखुरलेली!

महाराज दिवसभर दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसत. आल्यागेल्याला म्हणत, "आधी देवाला भेटून ये, मग समुद्र बघ. समुद्र कुठे पळून जात नाही."

तेव्हा वर जायला पायऱ्या नव्हत्या, नुसती पायवाट होती. म्हातारेकोतारे आणि पैसेवाले डोलीत बसून जात. लांब दांड्याला खुर्ची टांगलेली, पुढे दोन भोई, मागे दोन. मागच्यांना डोलीच्या आडून वाट दिसत नसे आणि खांद्यावरच्या दांड्यामुळे मानही वळवता येत नसे. पुढच्याने ओरडून सांगायचं, "डावीकडं दगूड!" मागच्याने म्हणायचं, "दगडाला राम राम!" आणि पाऊल उचलायचं. सगळा कारभार विश्वासावर.

या भोयांत धाकू सर्वांत जुना. साठी उलटली तरी मागचा दांडा त्याचाच. डोलीत कुणीही बसो, तो म्हणे, "मी महाराजांना नेतोय." वर पोचल्यावर मात्र महाराजांच्या जवळ जात नसे. लांब उंबराखाली बसून हात जोडी. महाराज तिथूनच मान हलवत. दोघांचं एवढंच बोलणं.

त्याचा एकुलता मुलगा महादू. बायको गेल्यावर धाकूने दिवसाला दोन दोन खेपा करून त्याला मुंबईला शिकवलं. महादू शिकला, कचेरीत लागला, महादेवराव झाला. गोदीतले मोठे कंत्राटदार बाबाजीशेठ यांनी त्याला जावई करून घेतला. बाबाजीशेठही जातीचे भोईच, पण त्यांच्या घरात आजोबांपासून कुणी दांड्याला हात लावला नव्हता. सोयरिकीच्या वेळी त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" महादूच्या तोंडून निघून गेलं, "वडील लहानपणीच वारले." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. दुसऱ्यांदा अडखळली नाही.

आणि मार्गशीर्षात बाबाजीशेठच्या मनाने घेतलं, की जावयाच्या गावचा गगनेश्वर बघायचाच! महादूने बोट लागते, वाट वाईट आहे, नाना सबबी सांगितल्या. शेठ म्हणाले, "म्हणूनच तर डोली असते ना?"

पायथ्याशी डोली आली. मागच्या दांड्याशी धाकू उभा होता. सात वर्षांनी मुलगा दिसला, म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. पण महादूच्या डोळ्यांत जे होतं ते त्याने वाचलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. पुढच्या दांड्यावरच्या रामाने महादूला ओळखलंच, तो काही बोलणार तोच धाकूने त्याला डोळ्यांनी दटावलं. मग मुलाकडे वळून, खाली मान घालून तो म्हणाला, "चला रावसाहेब. ऊन व्हायच्या आधी पोचू."

रावसाहेब! महादूच्या कानशिलांत आग झाली. त्याने छत्री उघडून डोलीतल्या सासऱ्यांच्या हातात दिली आणि डोलीच्या मागून चालू लागला.

अर्ध्या चढावर धाकूला धाप लागली. "महाराज, महाराज," तो पुटपुटत होता.

"काय रे म्हाताऱ्या," बाबाजीशेठ डोलीतून म्हणाले, "कुणाला हाका मारतोस?"

"आमच्या महाराजांना, शेठ. डोलीत तेच बसल्यात असं मी धरून चालतो. मग वजन लागत नाय."

शेठ खो खो हसले. "असं? मग महाराजांना सांग, जरा उतरा आणि चालत या! काय हो जावईबापू?"

आणि महादूही हसला. बापाच्या पाठीमागे तीन पावलांवर, त्याच्या ओल्या पाठीकडे बघत हसला.

पुढे कड्याचं वळण लागलं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ खाली फुटणाऱ्या लाटा. तिथे मागचा दुसरा भोई, गोंद्या, याचा पाय सुट्या दगडावरून मुरगळला आणि तो कातळाला टेकून खालीच बसला. सगळा भार एकट्या धाकूवर आला. त्याचा गुडघा वाकला, डोली कड्याच्या अंगाला कलली. बाबाजीशेठ किंचाळले. पुढून रामा ओरडला, "मागं खांदा लावा! कुनीतरी खांदा लावा, म्हातारा जातोय!"

मागे होता एकटा महादू. लहानपणी याच वाटेवर रिकाम्या डोलीला त्याने हौसेने कितीदा खांदा लावला होता. कुठे उभं राहायचं, दांडा कुठे टेकवायचा, सगळं अंगाला ठाऊक होतं. त्याचं पाऊल उचललंही. पण तेवढ्यात मनात आलं, खांदा सराईतासारखा लागला तर शेठ विचारतील, कुठे शिकलात? ते पाऊल तिथेच थांबलं.

इतक्यात खालच्या वाटेने काळी घोंगडी पांघरलेला एक माणूस झपाझप आला, महादूला ओलांडून पुढे गेला आणि त्याने दांड्याला खांदा दिला. डोली सरळ झाली. महादूला त्याची फक्त पाठ दिसली.

मान न वळवता धाकू म्हणाला, "आलास व्हय रं पोरा?"

"हो," घोंगडीवाला म्हणाला.

माथ्यावर डोली टेकली तेव्हा घोंगडीवाला कुठेच नव्हता. शेठ घाम पुसत दीपमाळेपलीकडच्या कठड्याशी गेले, आणि समोरचा दर्या बघून भीती विसरले. "वा! सगळा गाव तळहातावर! जावईबापू, यात तुमचं घर कोणतं हो?"

भोईवाडा तिथून स्वच्छ दिसत होता. टोकाची ती गवताने शाकारलेली झोपडीही. महादूने बोट दाखवलं, ते खोताच्या चिरेबंदी घराकडे. वळून पाहतो तो मागे धाकू पाण्याचा तांब्या घेऊन उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. तरीही तांब्या पुढे करताना त्याने हळूच मुलाच्या दंडाला हात लावला. डोळे भरलेले, पण चेहरा कसा उजळलेला!

"लोकांत बोलत नाय मी," तो कुजबुजला. "पन मघाशी खांदा लावलास. तेवढ्यात समदं पावलं बघ मला."

महादूला सांगता आलं असतं, की तो मी नव्हतो. त्याने नुसता तांब्या हातात घेतला. बापाचं नाव टाकलं होतंच, आता बापाचं समाधानही त्याने चोरून घेतलं.

दीपमाळेपाशी माणसं जमली होती. एक सेवेकरी महाराजांच्या उजव्या खांद्यावर हळद लावत होता. "महाराज सकाळपासून इथून हलले नाहीत," तो सगळ्यांना सांगत होता, "आणि हे बघा काय उमटलं!" खांद्यावर आडवा, लालभडक वळ होता. दांड्याची जाडी भोयाच्या पोराला सांगावी लागत नाही. चौथऱ्यावर काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली होती.

महादू पुढे झाला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवू लागला. महाराजांनी पाय आत ओढून घेतले.

"ओझ्याचं काही नाही रे," महाराज म्हणाले, "ते मी उचललं. पण तुझ्या बापाने 'आलास का' म्हणून विचारलं, आणि मला 'हो' म्हणावं लागलं. तुझ्यासाठी मी खोटं बोललो, बाळा. या देवासमोर. आता ते खरं कर, नाहीतर ते माझ्या अंगावर राहील."

महाराजांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर महादूला सोसला असता.

तो उठला आणि बाप बसला होता त्या उंबराकडे चालू लागला. मागोमाग शेठ, "अहो, काय झालं? कुणाचा बाप?" म्हणत आले. महादू थांबला. सासऱ्यांकडे बघण्याचं धैर्य नव्हतं, तरी त्याने बघितलं.

"हा, शेठ. हा धाकू भोई. जो मेला म्हणून मी सांगितलं, तोच हा माझा बाप."

ज्याला हसले त्या म्हाताऱ्याकडे बाबाजीशेठनी पाहिलं, मग महाराजांच्या खांद्याकडे, आणि डोक्यावरचा रुमाल काढून ते दीपमाळेच्या दिशेने जमिनीवर आडवेच झाले.

महादू बापाच्या पायांवर कोसळला. धाकू गडबडला, पाय मागे घेऊ लागला. "अरं अरं, माती हाय पायाला. कापडं खराब व्हतील तुझी."

"आबा, मघाशी खांदा लावला तो मी नव्हतो," पायांत तोंड खुपसून महादू म्हणाला. "मी मागे उभा होतो. नुसता उभा होतो."

धाकूने दीपमाळेकडे बघून हात जोडले. मग एक हात खाली आला आणि मुलाच्या डोक्यावर टेकला.

"मंग आता लाव की," तो म्हणाला. "गोंद्याला चालवत नाय, त्याला डोलीत घालून न्यायचाय. आन् उतरनीला खांदा जास्ती लागतो."

महादूने कोट काढून उंबराला अडकवला. शेठ पायीच निघाले. चौथऱ्यावर बसलेल्या महाराजांनी खांद्यावरून हात फिरवला आणि सेवेकऱ्याला म्हणाले, "पूस ती हळद. आता दुखत नाही."

मुलगा चुकला तरी बापापुढे त्याची लाज राखणारे असे आमचे दर्यानाथ महाराज! त्यांच्या चरणी माझं मस्तक.