पांढऱ्या वाशांचं घर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नदीला पूर आला आणि काठावरच्या दोर वळणाऱ्याचं खोपट वाहून गेलं. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई जवळच्या बाजाराच्या गावात भाड्याचं घर शोधायला आले.

गाव लहान, पण घरमालकांचा तोरा मोठा. एकाला अंबाडीचा केर नको होता. दुसऱ्याने म्हातारीकडे पाहूनच दार लोटलं. "ही आमच्या घरात गेली, तर पुढे इथे राहायला कोण येईल?" असं तो आतून म्हणाला, तेही म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शेवटी एक घर मिळालं. एकाच लांब छपराखाली दोन बिऱ्हाडं. एका बाजूला मालक राहायचा, दुसरी बाजू भाड्याने द्यायची होती. छपराचे वासे बांबूचे, नवेकोरे, पांढरेशुभ्र. गावातली बाकी छपरं आतून धुराने काळी, त्यामुळे मालकाला आपल्या वाशांचं कोण कौतुक! आल्यागेल्याला तो आधी मान वर करायला लावायचा, मग पाणी विचारायचा.

"भाडं म्हणजे वळलेल्या दोरांतले अर्धे दोर," मालक म्हणाला. "आणि घरात चूल पेटवायची नाही. मी स्वतःसाठीसुद्धा मागे वेगळी खोली बांधलीय."

"मग आम्ही रांधायचं कुठं?" बायकोने विचारलं.

"अंगण आहे की!"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. दोर वळणाऱ्याने मान डोलावली.

हिवाळा आणि उन्हाळा अंगणातल्या तीन दगडांवर निघाला. मग पाऊस लागला. अंगणात विस्तव टिकेना आणि म्हातारीला थंडीताप भरला. शिळी भाकरी तिच्या घशाखाली उतरत नव्हती. "सूनबाई, घोटभर ऊन पेज दे गं," एवढंच ती म्हणत राहिली. सुनेला ते ऐकवेना. तिने दार लावून घेतलं आणि घराच्या कोपऱ्यात चूल मांडली.

पेजेला आधण येण्याआधीच मालक दारात हजर. "निघा! आत्ताच्या आत्ता निघा!"

दोर वळणाऱ्याने हात जोडले. "मालक, आईला ताप आहे. पाऊस उघडेपर्यंत तरी राहू द्या."

"तुझी आई आज ना उद्या जाणारच. वासे एकदा काळे पडले की कायमचे पडले!"

असं बोलला तो. नुसतं सांगतानाही जीभ जड होते.

आईला पाठीवर घेऊन मुलगा भर पावसात चालू लागला. वेशीबाहेर पोहोचेपर्यंत म्हातारी गेली होती. त्याला ते कळलंच नाही. "आई, पुढच्या गावात बघू हं," असं तो तिला सांगतच राहिला. मागून येणारी सून रडू लागली, तेव्हा कुठे तो थांबला.

इकडे मालकाने राख झाडून काढली आणि वासे फडक्याने पुसले. त्यानंतर त्याच्या अटी ऐकून कोणी भाडेकरू फिरकला नाही. ती बाजू रिकामी पडली, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

एकदा शेजारी म्हणाला, "अहो, धूर लागला नाही तर बांबूला कीड लागते. आमची छपरं काळी आहेत म्हणून उभी आहेत."

मालक हसला. "जळतात लोक माझ्या घरावर," तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी वादळ सुटलं. छप्पर मधोमध खचलं आणि दोन्ही बाजू एकदम खाली आल्या. लोकांनी कौलं उपसून मालकाला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्यात थोडी धुगधुगी होती. त्याने हात लांब करून शेजारी पडलेला वासा धरला. वरून तो अजून पांढराशुभ्र होता. मुठीत मात्र त्याचा नुसता भुगा झाला. त्या भुग्याकडे पाहत पाहतच मालकाने प्राण सोडला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणसापेक्षा घर जपणाऱ्याजवळ शेवटी घरही राहत नाही.