पाण्याखालची दवंडी

“पण शब्द गुन्हा करतो कुठं, बाबा? बोलला तिथं, की ऐकला तिथं?”

धरणाकाठच्या देवळाच्या पायरीवर बसून सटवाजीबाबा विड्याचं पान पुसत होते.

पत्रकार इंद्रजित चौबळ परदेशातून माध्यमांचा कायदा शिकून आला होता. एका देशात छापलेल्या शब्दाचा खटला दुसऱ्या कुठल्या देशात चालतो, हे त्याला तोंडपाठ. बाबांनी उभा जन्म सात गावांची दवंडी पिटण्यात घालवलेला. म्हातारा शब्दाचं काहीतरी जाणतो, असं कानावर आलं म्हणून स्वारी इथवर आली होती. ऐकायला कमी, ऐकवायला जास्त.

“इंग्लंडात एक नियम, जर्मनीत दुसरा,” तो सांगत होता. “मी एकदा एका नर्सबाईंवर बातमी लिहिली. औषधं चोरून विकतात म्हणून. ती खोटी निघाली. मग मी एकतीस देशांतून ती काढायला लावली. सगळीकडं दुरुस्ती छापली. कायद्यानं मी मोकळा आहे.”

“मग आलास कशाला?”

“...झोप लागत नाही.”

बाबांनी पान खाली ठेवलं.

“दवंडी चुकली तर ती माघारी घ्यायची आमच्यात रीत हुती. हलगी उलटी धरायची, वाजवायची न्हाई. ज्याचं नाव घेतलं, आधी त्याच्या उंबऱ्याशी जायचं. मग गावोगाव.”

“म्हणजे दुरुस्तीच की! तेच तर मी...”

“भागूबाईनं देवीची नथ चोरली, अशी दवंडी दिली मी. पाटलानं सांगितलं, मी वरडलो. नथ गाभाऱ्यातच घावली. सातही गावं फिरलो. तिचं दार तेवढं शेवटाला ठिवलं. तोंड दावायची लाज वाटली, लेका.”

“मग?”

बाबांनी पाण्याकडं बोट केलं.

“तवर धरण भरलं. गाव उठलं... ती उठली न्हाई.”

भर दुपार होती. वारा पडलेला. बाबांनी देवळातल्या खुंटीवरची हलगी काढून त्याच्या हातात दिली. तिचं कातडं कधीच फाटून गेलं होतं.

तरी हलगी वाजली. आवाज हातातून आला नाही, पाण्यातून आला.

“ऐका हो ऐका...”

इंद्रजितनं तो आवाज ओळखला. त्याचाच होता. पाण्याखालून तो त्याचीच बातमी वाचत होता, शब्द न् शब्द. सिस्टर विजया तोडणकर, हे नावसुद्धा. ती बातमी त्यानं फक्त लिहिली होती, मोठ्यानं कधी वाचली नव्हती.

तो घाबरला. हलगी खाली टाकावीशी वाटली, पण बोटं सुटेनात.

“बाबा, तुम्हाला... ऐकू येतंय हे?”

“मला माझं येतं. रोज.”

पाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“बाई हयात हाय?” बाबांनी विचारलं.

“आहेत. मिरजेला असतात.”

“गेला हुतास?”

“वकिलामार्फत पत्र पाठवलं होतं, रीतसर...”

“गेला हुतास?”

“नाही.”

बाबांनी त्याच्या हातातली हलगी उलटी केली आणि तशीच त्याच्या हातात राहू दिली.

“तिचं दार अजून कोरडं हाय. ऊठ.”