पोटातला बिऱ्हाडकरू

किड्यामुंग्यांना आपल्या पोटातलं बोलणं ऐकू यायचं, त्या काळातली ही गोष्ट. वालाच्या एका वेलावर पोपटी नावाची मावा कीड राहायची. तिच्या पोटात एक जिवाणू बिऱ्हाड करून होता. पोपटी दिवसभर पानाचा रस ओढायची, तरी शेजारच्या पानावरच्या भुरी नावाच्या मावा किडीपेक्षा रोडच दिसायची.

"माझ्या पोटात कुणी नाही, म्हणून मी अशी गुबगुबीत," भुरी म्हणाली. "तुझा तो चोर आहे, बाई."

पोपटीच्या मनात संशय शिरला. तिने जिवाणूला दरडावून विचारलं, "माझा रस पितोस ना?"

"पितो."

"आणि देतोस काय?"

"अजून वेळ आली नाही."

हे उत्तर तिला फारच लबाड वाटलं. शेंड्यावरच्या कडक उन्हात बसून त्याला भाजून काढायचं तिने ठरवलं. ती निघणार, इतक्यात एक बारीकशी गांधीलमाशी आली. तिने भुरीच्या आणि पोपटीच्या, दोघींच्याही पोटात अंडं घातलं.

अंड्यातून निघालेल्या अळीने भुरीला आतून पोखरलं. पानावर तिचं नुसतं टरफल उरलं. पोपटीच्या पोटातली अळी मात्र जिवाणूने विष सोडून मारली.

"मला का वाचवलंस?" पोपटीने अजूनही संशयानेच विचारलं.

"तू मेली असतीस, तर मी कुठे जगणार होतो?"

त्याचं हे बोलणं मात्र तिला पटलं.

पुढे पोपटीला लेक झाली. जन्मल्याबरोबर ती कुरकुरली, "आई, माझ्या पोटात कुणीतरी माझा रस पितंय."

"पिऊ दे," पोपटी म्हणाली. "तू रस जरा जास्त ओढ."