सात नंबरचा पाढा

एकदा एका वृद्ध गुरुजींना रस्त्यानं जाताना पाढा ऐकू आला, आणि तो कितीचा आहे हे काही केल्या त्यांना कळेना. बेचाळीस वर्षं ज्यांनी पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्या माणसाला! चाल तर ओळखीची होती. एकोणतीसचा पाढा मुलांच्या तोंडात बसत नाही म्हणून गुरुजींनीच एके काळी त्याला झोके घेणारी एक चाल लावली होती, तीच ही. पण शब्द भलतेच. शाळा सुटून घरी निघालेली चार पोरं दप्तरं हलवत म्हणत होती, "तीन, एक, चार, चार, दोन, एक, तीन, तीन, दोन, चार..."

गुरुजी जागच्या जागी थांबले. त्यांनी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली, गुणून पाहिलं, उलटं म्हणून पाहिलं. काहीच जुळेना. शेवटी त्यांनी एकाला हाक मारली, "काय रे, हा कितीचा पाढा?"

"सात नंबरचा, गुरुजी!" पोरगं म्हणालं आणि धूम पळालं.

सातचा पाढा तीननं सुरू होतो? गुरुजी घरी आले, जेवले, आडवे झाले, तरी डोक्यातून ते तीन-एक-चार-चार जाईना. पालकांच्या सभेत मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा इथवर सगळे हसतात. हसा, अवश्य हसा. पुढं कुणी हसत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्या गावच्या शाळेत पाचवीचा वर्ग उद्धव सर शिकवत. उद्धव हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. माणूस प्रामाणिक, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच त्याच्यावर दात-ओठ खाल. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तो मुलांना रविवारीसुद्धा बोलवत असे आणि पदरचे पेढे वाटत असे. आदल्या वर्षी त्याच्या शाळेतून एकही मूल पात्र ठरलं नव्हतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, बैठकीत सर्वांसमोर तो आकडा वाचला गेला, तेव्हा याची मान खाली गेली, आणि तिथंच त्यानं मनाशी ठरवलं की यंदा काय वाट्टेल ते होवो, निकाल लावायचाच.

त्यानं सराव संच मागवले. एकूण सात संच, प्रत्येकात पंचवीस प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि उत्तरपत्रिकेवर योग्य पर्यायाचा गोल पेनानं काळा करायचा. सात संच महिन्याभरात संपले. मग पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा. सोडवून झालं की उद्धव सर उत्तरसूची आपल्या लहानपणच्या पाढ्याच्या चालीवर मोठ्यानं वाचत आणि मुलं पाठोपाठ म्हणत. गुण वाढू लागले. भिंतीवर त्यानं एक तक्ता लावला होता. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढची रेघ आषाढातल्या गवतासारखी वर चालली होती. वर्गात मुलं बारा. रेघा अकरा जणांच्याच वर जात होत्या.

बारावी होती ऋतुजा.

ऋतुजा पेपर पूर्ण करत नसे. टोपलीतल्या साठ पेरूंपैकी एक तृतीयांश पेरू सडले, तर किती उरले, असा साधा प्रश्न. बाकीच्यांचा गोल काळा करून व्हायचा, आणि ही हात वर करून विचारायची, "सर, एवढे सडेपर्यंत कुणी बघितलं कसं नाही?" वर्ग खो खो हसायचा. सरांचा जीव घड्याळात अडकलेला. ते म्हणायचे, "बाई गं, पेपरात विचारलंय तेवढंच बघ." ती मान डोलवायची आणि पुढच्या प्रश्नात पुन्हा तेच. पंचवीसपैकी तिचे कधी नऊ, कधी दहा. जितके सोडवायची तितके बरोबर असायचे, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत उद्धव सरांनी अकराच नावं लिहिली. बारावं लिहिलं असतं तर निकालाची टक्केवारी घसरली असती. ऋतुजाची आई शाळेतच मुलांची खिचडी शिजवायची. तिनं हात पुसत पुसत एकदा विचारलंही, "सर, बसू द्या की तिला. नापास झाली तर झाली, मी काही तुम्हाला बोल लावणार नाही."

"पुढच्या वेळी बघू," सर म्हणाले. ही परीक्षा पाचवीत एकदाच असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. ती माउली चुलीकडं गेली. ऋतुजाला त्यांनी सरावाच्या वेळी कागद वाटायचं आणि गोळा करायचं काम दिलं. पोरगी ते काम मनापासून करायची, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पाढा ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत शाळेत आले. नावं पाठवण्याचा तो शेवटचा दिवस होता. उद्धवनं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि लहान मुलासारखा उत्साहानं पाठवायची यादी आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. "गुरुजी, बघा. संच सात. यादीतलं कुणीच वीसच्या खाली नाही!"

"उत्तम," गुरुजी म्हणाले. "मग आज माझ्यासमोर एक परीक्षा घे. संच सात."

उद्धव खुशीत प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. गुरुजींनी तो गठ्ठा हातात घेतला, शांतपणे कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"आता कोऱ्या उत्तरपत्रिका वाट," ते म्हणाले. "बाराही जणांना."

उद्धवला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "गुरुजी, प्रश्नपत्रिका..."

"नकोत."

"पण मग मुलं लिहिणार काय?"

"तेच मला बघायचंय."

उद्धव पुरता गोंधळला. म्हाताऱ्या माणसाचं वय झालं, आता काय बोलायचं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ज्यांनी अक्षर गिरवायला शिकवलं त्यांचा शब्द मोडवेना. आता मुलं गलका करतील, प्रश्न कुठं आहेत म्हणून विचारतील, मग गुरुजींच्याच लक्षात येईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. कागद वाटून झाले. "संच सात. सुरू करा," तो चाचरत म्हणाला.

मुलांनी माना खाली घातल्या आणि सुरू केलं.

कुणीही मान वर केली नाही. ओठ हलत होते, माना एका लयीत डुलत होत्या, पेनं झरझर फिरत होती. तीन, एक, चार, चार, दोन. उद्धव या बाकापासून त्या बाकापर्यंत गेला आणि परत आला. त्याला काय होतंय तेच समजेना. चार मिनिटांत पहिला हात वर झाला. समाधान, वर्गातला पहिला. "झालं, सर!" मग दुसरा, मग तिसरा.

सूची पुढ्यात घेऊन उद्धवनं कागद तपासले. समाधानला पंचवीसपैकी पंचवीस. पुढच्याला तेवीस. मग चोवीस, बावीस, चोवीस. सगळे गुण तक्त्यावर होते तसेच्या तसे. प्रश्नपत्रिका कपाटात बंद, आणि निकाल उत्तम! त्या माणसाची अवस्था काय झाली असेल, विचार करा. शाबासकी द्यावी की डोकं धरून बसावं? तो एकदा कागदाकडं बघे, एकदा कुलपाकडं.

गुरुजींनी समाधानला जवळ बोलावलं. "बाळ, अकराव्याचं उत्तर काय?"

"तीन, गुरुजी."

"आणि प्रश्न काय होता?"

समाधान विचारात पडला. त्यानं सरांकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. "प्रश्न नाही माहीत, गुरुजी. उत्तर तीन आहे." मग गुरुजी खूश व्हावेत म्हणून तो घाईनं पुढं म्हणाला, "मला खालून वरपण येतं. म्हणून दाखवू?"

"नको, बाळ. बस," गुरुजी म्हणाले.

एक कागद अजून तपासायचा राहिला होता. ऋतुजाचा. तो पूर्ण कोरा होता. एकही गोल काळा नव्हता, आणि शेवटच्या बाकावर ती पोरगी रडवेली होऊन बसली होती.

"तू का नाही लिहिलंस गं?" उद्धवनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच चिरका वाटला.

ती उभी राहिली. "सर, प्रश्न दिलेच नाहीत ना. कशाचं उत्तर लिहू?" आणि मग, आपल्यालाच काहीतरी समजलेलं नाही अशा भीतीनं, हळूच, "सगळ्यांना कसं कळलं, सर?"

वर्गात कुणी हसलं नाही. उद्धव मटकन खुर्चीत बसला. "गुरुजी," तो म्हणाला, "मला काही सुचेनासं झालंय. मी रविवारसुद्धा सोडला नाही हो. कुठं चुकलं?"

गुरुजींनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांचा स्वर रागाचा नव्हता.

"उद्धवा, मुलांना दोष देऊ नकोस, आणि ती मंद आहेत असं तर मुळीच समजू नकोस. एकशे पंच्याहत्तर आकडे ज्यांनी चालीवर पाठ केले, त्यांची बुद्धी थोर आहे. तू जे त्यांच्या पुढ्यात ठेवलंस ते त्यांनी सगळं उचललं. तू उत्तरं ठेवलीस. परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर नवे प्रश्न येतील, जे त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. त्या वेळी प्रश्नाजवळ थांबावं लागतं, तो काय म्हणतोय ते ऐकावं लागतं. तुझ्या वर्गात ती सवय एकाच मुलीला आहे. ती हळू चालते, कारण ती खरोखर चालते. आज या खोलीत परीक्षेला बसायला योग्य असं एकच मूल मला दिसलं, आणि तुझ्या यादीत नेमकं तिचंच नाव नाही."

उद्धवची मान खाली गेली. केंद्राच्या बैठकीत गेली होती त्याहूनही खाली.

गुरुजी थोडा वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आणि आता माझंही ऐक. काल रस्त्यात ती चाल ऐकली आणि मला रात्रभर झोप लागली नाही. चाल माझी आहे, उद्धवा. पाढा का म्हणायचा, हे मी तुला कधी सांगितलं होतं का? फक्त म्हणायला लावलं. तूही तेच केलंस. तेव्हा ही चूक दोघांची धर. मला वाटलं होतं मी तुला काहीतरी समजावून सांगायला चाललोय, आणि इथं बसून मीच गोंधळलोय, की बेचाळीस वर्षं मी नेमकं काय केलं."

शिष्यानं गुरूकडं पाहिलं. असं बोलताना त्यानं गुरुजींना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं टेबलाच्या खणातून यादी काढली, पेन उघडलं आणि अकराव्या नावाखाली सावकाश, वळणदार अक्षरांत बारावं नाव लिहिलं. मग तो उठला, तक्त्याच्या टाचण्या काढल्या आणि तक्ता गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात ऋतुजाची आई कधीची येऊन उभी होती. तिच्या हातातल्या पळीवरून खिचडी खाली सांडत होती, तिला भान नव्हतं.

"ऋतुजा," उद्धव म्हणाला, "तुझं नाव घातलंय. परीक्षेला बसायचंय तुला."

पोरीचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण सर," ती म्हणाली, "माझ्यामुळं निकाल कमी लागेल ना?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतके दिवस कागद वाटताना, गोळा करताना, आपलं नाव यादीत का नाही ते त्या दहा वर्षांच्या लेकराला पक्कं ठाऊक होतं. उद्धवच्या हाताशी सात संचांच्या सूच्या पडल्या होत्या, आणि त्यातलं एकही उत्तर इथं चालणार नव्हतं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. आजवर मुलांसमोर हे दोन शब्द त्यानं उच्चारले नव्हते. "खरंच माहीत नाही. बघू आपण."

मग त्यानं कपाट उघडलं, प्रश्नपत्रिका काढली आणि पहिला प्रश्न वाचला. पर्याय वाचले नाहीत, नुसता प्रश्न. अकरा जणांचे ओठ सवयीनं 'तीन' म्हणायला उघडले आणि तसेच मिटले. शेवटी समाधाननं भीत भीत हात वर केला.

"सर, हा प्रश्न पुन्हा एकदा वाचता का?"

गुरुजी उठले, काठी घेतली आणि कुणालाही न सांगता वर्गाबाहेर पडले. आईनं त्यांना दारातूनच हात जोडले.

त्या वर्षी निकाल किती लागला, असं सभेत नेहमी कुणीतरी विचारतं. मी तो सांगत नाही. फक्त एवढंच म्हणतो की आज घरी गेल्यावर लेकरानं गुण दाखवले, तर आधी त्याला विचारा, बाळ, प्रश्न काय होता?