पाटीवरची तारीख

आमचे हे, हेरंब, लग्नाच्या स्टेजमागे लावायच्या एलईडी पाट्या बनवतात. पाटीपुढे कुणी उभं राहिलं की त्याच्या डोक्यामागचे तेवढेच दिवे आपोआप मंद होतात, म्हणून फोटोत चेहरा काळा पडत नाही. आम्हाला दिवे पुरवणाऱ्या दिगंबरशेठनी नेमक्या याच युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळालं असतं तर ह्यांचा धंदाच बंद. आम्ही हरकत घेतली.

सुनावणीत शेठ गरजले, "मॅडम, दहा जून २०२४ला मी अर्ज केला. त्याआधी असली पाटी जगात कुणी पाहिली असेल, तर दाखवा!"

परीक्षक बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मी पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला. फोटोत शेठ आम्हाला आहेर देत होते. त्यांच्या डोक्यामागचे दिवे मंद होते आणि वर झगझगत होतं, 'हेरंब आणि मृण्मयी, १२ मे २०२४'.

शेठ पुटपुटले, "मी जेवायला आलो होतो. पाटीकडे माझं लक्षच नव्हतं."

"असं कसं, काका?" मी म्हटलं. "महिन्याभरात अर्ज केलात की!"

बाईंनी हसू दाबत अर्ज फेटाळला आणि अल्बम पुराव्यात ठेवून घेतला.

आता पाहुण्यांनी लग्नाचे फोटो मागितले की सासूबाई ऐटीत सांगतात, "अल्बम सरकारी कामावर गेलाय."